दोन गुंजा

वेर्णेकरांच्या दुकानाची तिसरी पायरी माझी.
तिच्यावर वडील बसायचे, त्याआधी त्यांचे मामा.
तिघांच्या बसण्यानं दगडाला खळगा पडलाय,
पाऊस थांबला की त्यात वाटीभर पाणी राहतं
आणि चिमण्या माझ्या जागेवर आंघोळ करतात.

मी पटवेकरी. सोनं त्यांचं, दोरा माझा.
हातातून किती बोरमाळा गेल्या, मोजल्या नाहीत.
घरी बायकोच्या गळ्यात काळी पोत, दोन वाट्या,
त्याही अण्णांनीच हप्त्यानं दिलेल्या.

निपाणीत शनिवारी हे दुकान शिंकतं.
वखारीतून पगार घेऊन बायका सरळ इथंच येतात,
पदराच्या गाठीत नोटा, नोटांत तंबाखूची भुकटी.
गाठ सुटली की आधी अण्णा, मग मुनीम,
मग भिंतीवरची लक्ष्मी सोडून सगळेच.
कुणी म्हणतं, "अण्णा, एक मणी द्या."
कुणी म्हणतं, "वंद गुंड कोड्री."
मणी तोच. वरून सोन्याचा पत्रा, आत लाख.
आठवड्याला एक जमला तर जमला,
पोरगं तापलं की महिना कोरडा.

पाटीवरची अक्षरं चार वेळा बदलली.
एकदा डांबर फासलं, एकदा काच फुटली,
एकदा अण्णांनीच उतरवून पोटमाळ्यावर टाकली,
दीड वर्ष दुकान बिनपाटीचं चाललं.
शनिवारी शिंका तेवढ्याच.

परवा एक बाई आली, हुक्केरीकडची,
महादेवी, गंगव्वा होसमनीची लेक.
मराठी तिला येत नव्हतं. हातात एक चिठ्ठी,
आई गेल्यावर ट्रंकेत करंड्याखाली सापडलेली.
थोरल्या अण्णांचं लपेटीचं अक्षर:
सतरा मणी जमा. एक तोळा, दोन मासे, चार गुंजा.
अण्णांनी ते तिला कन्नडमध्ये वाचून दाखवलं,
आत गेले, तिजोरीतून एक काडेपेटी आणली.
चौतीस वर्षं. वखार बंद पडली, गंगव्वा गावी गेली,
माळ पुरी करायला परत आलीच नाही.
पेटी उघडली
आणि सोमवार असून अण्णा शिंकले.

नातवानं, हेरंबनं, मणी इलेक्ट्रिक काट्यावर ठेवले,
मोबाइलवर जुन्या वजनाचा हिशेब केला,
पुन्हा केला.
"आजोबा, दोन गुंजा कमी."

पंखा तेवढा बोलत राहिला.
सोनाराबद्दल गाव काय म्हणतं, आम्हाला ठाऊकच की.
"लाख सुकते," मी पायरीवरून म्हणालो.
लाख सुकतेही. पण दोन गुंजा?
अण्णा जुन्या तराजूकडे बघत होते,
आता दसऱ्याच्या पूजेपुरताच उरलाय तो,
एका पारड्याच्या पोटाला मेणाचा ठिपका.
तो समतोलासाठी होता की आणखी कशासाठी,
सांगणारं कुणी राहिलं नाही.

अण्णांनी खणातून नवा मणी काढून त्यांच्यात ठेवला.
बाईनं मोजले. घाबरली.
"हदिनेळु," म्हणाली, आणि अठरावा मागं सरकवला.
त्यांनी पुढं सरकवला.
काचेवरून तो इकडून तिकडं घरंगळत राहिला,
खाली हेरंब हात धरून.
शेवटी दोघांनी माझ्याकडं बघितलं.

मी लाल दोरा दातात धरला.
सतरा पुढं ओवले, ओळीनं.
अठरावा गाठीला लागून, मागं, मानेवर येईल तिथं,
कुणाला दिसत नाही,
घालणारीलाच तेवढा लागतो.

संध्याकाळी मौला झारेकरी गटाराची माती भरायला आला.
म्हटलं, नीट चाळ रे बाबा,
दोन गुंजा हरवल्यात, चौतीस वर्षांमागं.
त्यानं घमेलं डोक्यावर घेतलं.
"त्या माझ्या बापानं नेल्या," म्हणाला,
"आईची नथ झाली त्यातनं.
घडणावळ तुमच्याच अण्णांनी घेतली."